दादाच्या नावाचा मीटर

वीज कंपनीच्या तिसऱ्या मजल्यावर बसणाऱ्या त्या बाईंना सगळे सर्व्हरबाई म्हणत. शहरातल्या झाडून सगळ्या ग्राहकांची नावं, पत्ते आणि मीटरचे आकडे ज्या डेटा सर्व्हरवर साठत, तो सांभाळणं हे त्यांचं काम. सर्व्हर रुसला की सुट्टीच्या दिवशीही फोन यायचा आणि बाई अर्ध्या जेवणावरून उठून निघायच्या. लग्न केलं नव्हतं. घरी आई होती, गुडघ्यांनी जागच्या जागी बसवलेली, पण तोंडाची तिखट.

आणि एक दादा होता, असून नसल्यासारखा. वडिलांचं ऑपरेशन करायचं, असं त्यानेच ठरवलं होतं. वडील त्यातून उठले नाहीत. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात चार लोकांदेखत आई त्याला म्हणाली, "तू मारलंस त्यांना." दादा घर सोडून गेला. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला भाड्याने घर घेऊन राहिला, फोन नंबरही बदलला. बाई दोनदा जाऊन आल्या. त्याने दार उघडलं नाही. आतूनच म्हणाला, "चिमे, घरी जा."

मग नवे मीटर आले. कुठल्या घरात कुठल्या तासाला किती वीज लागली, ते सर्व्हरवर दिसू लागलं. एका दुपारी बाईंनी दादाचं नाव टाकलं. असं करायला परवानगी नव्हती, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण सकाळी गिझर लागलेला दिसला, संध्याकाळी दिवे. दादा अंघोळ करत होता, दिवे लावत होता. घरी येऊन त्यांनी आईला सांगितलं. आईने तोंड भिंतीकडे फिरवलं. मग भिंतीकडे बघतच विचारलं, "पंखा लावून झोपतो का अजून?"

तेव्हापासून रोज संध्याकाळी चपला काढायच्या आत आईचा प्रश्न यायचा. गेल्या वर्षी काही आठवडे घर अंधारात होतं. "गेला असेल कुठे हवापालटाला," आई म्हणाली, आणि दोघींचं जेवणावरचं मन उडालं. गिझर पुन्हा सुरू झाला तेव्हा आईने मुद्दाम गोड करायला लावलं. पुढे दुपारची वीज वाढली. "कपडे धुवायचं मशीन घेतलं वाटतं," बाई म्हणाल्या. "बरं केलं," आई म्हणाली. "हाताने कुठवर घासणार?"

अशात सर्व्हरच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली. साहेबांनी सगळ्यांना बोलावून तिची वैशिष्ट्यं वाचून दाखवली. बॅकअप निम्म्या वेळात होणार. रेंगाळणारी कामं सर्व्हर स्वतःच ओळखून सुधारणार.

"मग आम्ही काय करायचं? आरती ओवाळायची त्याला?" बाईंच्या शेजारी बसणारा वटवट्या म्हणाला. सगळे हसले.

"आणि सर्वांत महत्त्वाचं," साहेब म्हणाले, "ग्राहकाची माहिती आता झाकलेली राहणार. नावाच्या जागी नुसत्या फुल्या. कुणाच्या घरात किती वीज जळते, ते सर्व्हर सांभाळणाऱ्यालाही दिसणार नाही. ती उघडायची किल्ली मुख्य कार्यालयात. आणि कुणी डोकावायचा प्रयत्न केला, तर त्याची नोंद होणार."

"सर्व्हर सांभाळणाऱ्यालाही?" बाईंनी विचारलं.

"त्यालाच तर आधी! लोकांच्या घरात आपण का डोकावायचं? बाई, हे तुम्हीच करा. दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायला माझा जीव धजत नाही."

बाईंनी केलं, आणि चोख केलं. नवी आवृत्ती चढवली, आकडे जुळवून पाहिले, शेवटी झाकण्याची सोय चालू केली. मग ग्राहकांची यादी उघडून पाहिली, तर नावाच्या रांगेत वरपासून खालपर्यंत फुल्या. साहेब पेढ्यांचा पुडा घेऊन आले. बाईंनी आपला पेढा रुमालात गुंडाळून ठेवला.

"दिवे होते?" त्या संध्याकाळी आईने विचारलं.

"होते."

दुसऱ्या दिवशीही त्या "होते" म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी त्यांना स्वतःचाच आवाज ऐकवेना. सुट्टी आली तशी आईला बाजारात जाते म्हणून सांगून त्या बस धरून शहराच्या त्या टोकाला गेल्या.

दार लगेच उघडलं. कडेवर बाळ घेतलेली एक तरुण बाई होती. आत मशीन घरघरत होतं.

"कोण हवंय?"

"इथे माझे दादा राहतात."

ती गोंधळली. दारावरच्या घर क्रमांकाकडे एकदा बघून म्हणाली, "आधीचे काका का? अहो, ते वारले. आम्ही यायच्या आधीच."

"तुम्ही कधी आलात?"

"गेल्या वर्षी. घर काही आठवडे बंद होतं, मग आम्हाला मिळालं. खालचे सांगतात, झोपेतच गेले म्हणे. दार फोडावं लागलं. घरमालकांनी खूप शोधलं, पण नातेवाईक कुणी सापडलंच नाही." तिने बाळ दुसऱ्या कडेवर घेतलं. "बिल अजून त्यांच्याच नावाने येतं बघा. नाव बदलायचं राहूनच गेलं. तुम्ही आत या ना. पाणी तरी घ्या."

बाई आत गेल्या नाहीत. जिन्यात एका पायरीवर बसल्या. ती तरुण बाई पाण्याचा पेला घेऊन आली आणि शेजारी उभी राहिली. घरातून बाळाच्या अंघोळीच्या साबणाचा वास येत होता. वर्षभर हीच माणसं उठत होती, पाणी तापवत होती, दिवे मालवत होती, आणि आपण त्यांच्यावर माया करत होतो, एवढंच बाईंना पुन्हा पुन्हा कळत होतं.

घरी पोचल्या तेव्हा आई खिडकीशी होती. या वेळी बाईंनी काहीच लपवलं नाही. समोर बसून, आईचे हात धरून, सगळं सांगितलं.

आई रडली नाही. "जवळ कोण होतं?"

"कुणी नव्हतं, आई."

"मला तिथे ने."

"तिथे आता काय आहे?"

"ने म्हणते ना."

पुढच्या सुट्टीला बाईंनी टॅक्सी केली. इमारतीखाली गाडी थांबली. आईने दार उघडून एक पाय खाली ठेवला, जिन्याकडे पाहिलं. गुडघे ऐकणार नव्हते. तिने पाय पुन्हा आत घेतला.

"निघू या का, आजी?" ड्रायव्हरने विचारलं.

"थोडं थांबा," आई म्हणाली. काच खाली करून ती वरच्या गॅलरीकडे पाहत राहिली. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं.