शेजारच्या सीटवरचे तांदूळ

वेंडेल ओशिरोच्या गाडीला मी गेली नऊ वर्षं टायर चढवते आहे आणि गेली नऊ वर्षं तो माणूस मला मिलिमीटर ऐकवतो आहे. त्याचं उभं आयुष्य दातांच्या कवळ्या बनवण्यात गेलं. कुठेही फट दिसली की त्याचे हात शिवशिवतात. निवृत्त झाला, बायको गेली, तेव्हा त्याने एक्क्याण्णव सालची लाल, उघड्या टपाची, दोन सीटची छोटी गाडी घेतली, आणि कवळीतली फट सोडून मडगार्डमधल्या फटीच्या मागे लागला.

टायर मडगार्डच्या कडेशी अगदी एका रेषेत हवा. आत गेला तर गाडी पोट खपाटीला गेल्यासारखी दिसते, बाहेर आला तर कडेवर घासतो. आणि वर एक बोट जागा. एकच. दोन बोटं गेली की वेंडेलचा चेहरा पडतो.

गार्डिना गावात माझं टायरचं दुकान छोटं आहे, पण बसवलेलं चाक पुन्हा उतरवायची वेळ माझ्यावर येत नाही. तरी वेंडेल एका रिमसाठी तीनदा येतो. येताना दोन मुसुबी आणतो, शेवाळाच्या पापुद्र्यात गुंडाळलेले भाताचे मुटके, एक मला, एक त्याला. आम्ही टायरच्या चळतीवर बसून खातो आणि भांडतो. मला तो आवडतो. एकदाच सांगून टाकते, म्हणजे पुढे लाजायला नको.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी त्याच्या जुन्या गाड्यांच्या क्लबच्या गाड्या घाटातून वर पॅनकेक खायला जातात. वेंडेल दरवर्षी जातो. शेजारच्या सीटवर घडीचं स्टूल आणि पान्यांची पिशवी. नऊ वर्षांत त्या स्टुलाने जेवढा घाट पाहिला, तेवढा मी पाहिलेला नाही. यंदा त्याने मला चल म्हणून विचारलं नाही तर विषय संपला, असं मी स्वतःला बजावलं होतं. एकसष्ट वर्षांच्या बाईने किती वाट पाहायची?

त्या रविवारच्या आधी, गुरुवारी सकाळी, तो नवे रिम घेऊन आला. नऊ इंच रुंद, काशाच्या रंगाचे.

"नऊ इंच?" मी म्हटलं. "या गाडीला? घोड्याला हत्तीचे पाय लावतोयस."

"मोजलंय मी."

"तू मोजलं नाहीस असं काय आहे या जगात?"

मुसुबीचा कागद सोडता सोडता माझी नजर आत गेली. स्टूल नव्हतं. शेजारच्या सीटवर तांदळाची तीन पोती रचलेली होती, पन्नास-पन्नास पौंडांची, आणि त्यांना सीटबेल्ट लावलेला होता.

"हे काय?"

"वजन," वेंडेल म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले. "आजवर मी एकटाच बसलेला असतानाची उंची धरत होतो. शेजारी, उजवीकडे, माणूस बसला की मागचं उजवं चाक आणखी आत जातं. रिम रुंद, म्हणजे घासणारच. तेव्हा आधीच वजन ठेवून मोजू."

शेजारी माणूस. दीडशे पौंडांचा. मी मनात हिशेब केला. क्लबात जूनपासून पॅटी नावाची एक बाई येते. उंच, सडपातळ, गोल्फ खेळते, बोलताना माणसाच्या दंडाला हात लावते. दीडशे पौंड म्हणजे पॅटीच. नखशिखान्त पॅटी.

"बरं," मी म्हटलं, आणि राहिलेली अर्धी मुसुबी कागदात गुंडाळून ठेवली.

"आवडली नाही?"

"भूक नाही."

मग मी कामाला लागले. नट सोडताना जोर जरा जास्तच लागत होता. वेंडेलने दोनदा "सांभाळून" म्हटलं आणि दोन्ही वेळा मी त्याच्याकडे असं पाहिलं, की तिसऱ्यांदा म्हणायची त्याची छाती झाली नाही. पण काम वाईट केलं नाही. राग माणसावर होता, गाडीने माझं काय वाकडं केलं होतं? चाकं चढवली, जॅक उतरवला. वेंडेलला चालकाच्या सीटवर बसवलं आणि गाडी दोनदा पुढे-मागे ढकलली, कारण जॅकवरून उतरलेली गाडी लगेच नीट बसत नाही आणि तेव्हा घेतलेलं माप खोटं निघतं. मग मागच्या उजव्या चाकावर बोट घातलं. बरोबर एक बोट. टायर आणि कड एका रेषेत. नऊ वर्षांत इतकी सुंदर बसलेली चाकं मी पाहिली नव्हती.

"झालं," मी म्हटलं. "तुझ्या पाहुणीला सांग, आरामात बसा."

"सांगतो." तो स्टिअरिंगकडे पाहत होता. "रविवारी सहाला निघायचं. चालेल?"

"मला काय विचारतोस?"

"मग कोणाला विचारू?" तो म्हणाला. "मार्लीन, तुझ्याचसाठी मोजलंय हे सगळं."

मी पाना खाली ठेवला. पडला असता म्हणून ठेवला.

आधी आनंद झाला. खूप झाला, खोटं कशाला बोलू. आणि लगेच त्याच्या पाठोपाठ ते दीडशे पौंड आले. म्हणजे हा माणूस मला दीडशेची समजतो! किती गोड. पण मी एकशे बहात्तर पौंडांची आहे. गप्प राहावं, असं एक क्षण वाटलं. कुठल्या बाईला वाटणार नाही? पण पहिल्याच खड्ड्यात नवा कोरा टायर कडेवर घासणार, आणि त्याच्या कानावर तो आवाज पडणार. शिवाय चाकं मी बसवली होती.

"वेंडेल," मी म्हटलं, "तांदूळ कमी पडतायत."

त्याने वळून पोत्यांकडे पाहिलं.

"बावीस पौंड."

"विसाचं एक पोतं डिकीत आहे," तो अगदी हळू म्हणाला. "आणलं होतं. सीटवर ठेवायची हिंमत झाली नाही."

मी डिकी उघडली. पोतं होतं. त्याच्या शेजारी घडीची दोन स्टुलं होती. एक त्याचं जुनं, कडा झिजलेलं. दुसरं कोरं, दुकानाची चिठ्ठीसुद्धा काढलेली नव्हती.

मी डिकी लावली.

"तांदूळ उतरव," मी म्हटलं. "मीच बसते. तू मोज."

त्याने तिन्ही पोती उतरवली आणि रिकाम्या झालेल्या सीटवरून दोनदा हात फिरवला. मी बसले. चालकाच्या सीटवर, तो स्वतः बसल्यासारखं, त्याने पोती ठेवली, गाडी हलवली, आणि वाकून बोट घालायला गेला. गेलं नाही.

"गाडी वर घ्यावी लागेल," तो म्हणाला.

"मग मी उतरले की दोन बोटांची फट दिसेल. रविवारी सगळा क्लब हसेल तुला."

"हसू दे," वेंडेल म्हणाला, आणि जॅक आणायला गेला.