जिना चढवेना

राजापेठेतल्या त्या क्लासचा नियमच होता: रविवारच्या परीक्षेत ज्याला जसे गुण, त्याला तसा बाक. आचल जूनमध्ये दुसऱ्या बाकावर होती. दिवाळीनंतर सातव्यावर गेली. पुढच्या सोमवारी नवी यादी लागायची होती. त्या दिवशी क्लासच्या जिन्यातच तिची छाती धडधडू लागली, तळवे ओले झाले, आणि ती तशीच खोलीवर परतली.

जिवाला बरं वाटलं, पण घटकाभरच. मग अंगात शिसं ओतल्यागत झालं. पुस्तक उघडवेना, घास गिळवेना. दिवस वाया गेला की अभ्यास मागे पडे, आणि अभ्यास मागे पडला की दुसऱ्या दिवशी तो जिना आणखी उंच होई. भीती तिला खाटेवर आणून टाकी, अन् खाट त्या भीतीला पोसत राही.

"उठ ना वं! किती लोळून राह्यली?" खोलीतली वर्षाली म्हणे.

"डोकं दुखते," आचल म्हणे. खरं काय ते तिला सांगताच येत नव्हतं.

अंजनगावहून आईचा डबा रोज एसटीने येई. तो स्टँडवर जाऊन घ्यायचा. तीन दिवस डबा भरलेलाच परत गेला. चौथ्या दिवशी शेतातल्या शेवंतीची तोड अर्धी टाकून आई, शकुनबाई, स्वतःच आल्या.

"भाजी आवडत नाई का? का कोन्या पोट्ट्याचं लफडं हाय?"

"नाई वं आई."

"मंग चाल. मीच पोचवतो तुले क्लासले."

नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागणार. आचलने मुकाट्याने चप्पल घातली.

जिन्यात तिचे पाय थिजले. मागून पोरी ओरडल्या, "काकू, सरका ना!" तिला पुढे ढकलायला शकुनबाईंनी पाठीवर हात ठेवला, आणि तो तिथेच थांबला.

"माय वं! एवढं धडधडून राह्यलं?"

"रोजच होते. मंग दिवसभर उठवत नाई. उठली नाई की अजून भेव वाटते. मले यातून निंगताच येत नाई, आई."

शकुनबाईंना सगळं उमगलं नाही. हात मात्र त्यांनी काढला नाही.

"डॉक्टरले दाखवू."

"आन् बाबा?"

"त्याईले मी सांगतो. तू खाली चाल."

पण आचलला खालीही उतरवेना. शेवटी शकुनबाईंनी तिला पायरीवरच बसवलं आणि स्वतः शेजारी बसल्या. वर हजेरी सुरू झाली. आचलचं नाव दोनदा पुकारलं गेलं. दोघींपैकी कोणीच ओ दिली नाही.