इथं कुणी कल्पिता न्हाय

मी एक जुना पत्ता आहे, मित्रांनो. माझ्यापुढे ना गल्ली, ना पोस्टाचा शिक्का. मी इंटरनेटवरचा पत्ता. माझं नाव ‘ठमाबाईचंघर डॉट इन’. आणि एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर हसायला नको. मी जन्माचा भित्रा आहे. पान हललं तरी माझी गाळण उडते. पण आज जे सांगणार आहे ते ऐकून तुम्हीही म्हणाल, की बाबा रे, या वेळी तुझं घाबरणं खरं होतं.

माझा जन्म किहीमचा. ठमाबाई आणि हिरामण यांनी नारळाच्या वाडीत पाहुण्यांसाठी दोन खोल्या बांधल्या, तेव्हा त्यांची लेक कल्पिता अलिबागला कॉलेजात होती. आजकाल पाहुणे आधी फोनवर घर बघतात आणि मग निघतात, हे तिला ठाऊक होतं. ओटीवर बसून तिनं कॉम्प्युटर उघडला आणि विचारलं, “नाव काय देऊ?”

हिरामणनं ‘सी व्ह्यू पॅराडाईज’ असं काहीसं सुचवलं. खोल्यांतून समुद्र दिसत नव्हता, पण त्याचं त्याला काही नव्हतं. कल्पिता म्हणाली, “आयचंच नाव देते.”

ठमाबाई नारळ सोलत होती. ती लाजून म्हणाली, “माजा नाव कशाला गो? मी काय आमदार हाय?”

पण कल्पितानं ऐकलं नाही. तिनं मला नोंदवलं. नोंदणीत मालक म्हणून स्वतःचं नाव घातलं, स्वतःचा मोबाईल नंबर आणि कॉलेजातला ईमेल दिला. ठमाबाईनं उठून हात पुसले आणि कॉम्प्युटरच्या काचेवर हळदकुंकू लावलं. त्या बोटाचा थंडावा मला अजून आठवतो.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण माझी सगळी भीती तिथूनच सुरू होते. लोकांना वाटतं, इंटरनेटवरचा पत्ता एकदा घेतला की कायमचा आपला झाला. तसं नसतं हो! मी भाड्यानं राहतो. दरवर्षी माझी नोंदणी नव्यानं करावी लागते. ती राहिली तर थोडे दिवस वाट बघतात आणि मग मला मोकळं सोडतात. मोकळा झालो की जो पहिला झडप घालेल, त्याचा मी.

कल्पितानं त्यावर छान तोडगा काढला होता. दसऱ्याला घरातले कोयते, विळे, हिरामणची होडी, सगळ्यांची पूजा व्हायची. कल्पिता आपल्या मोबाईलवर झेंडूचं फूल ठेवायची आणि तिथल्या तिथं माझी नोंदणी वाढवायची. “झाला तुझा दसरा,” असं म्हणायची. मी वर्षभरासाठी निर्धास्त व्हायचो.

ते दिवस फार चांगले होते. पुण्याचे, ठाण्याचे लोक माझं दार वाजवायचे. मी त्यांना ठमाबाईच्या अंगणात नेऊन सोडायचो. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, आणि थंडीत शेतात मडकं उलटं ठेवून लावलेली पोपटी. वालाच्या शेंगांचा तो वास मला कधी आला नाही, पण तो वाचून लोकांच्या तोंडाला पाणी सुटलेलं मी पाहिलं आहे. पाहुणे परत जाऊन लिहायचे, ‘ठमाबाईंनी आईसारखं जेवू घातलं.’ तिच्या दारातून कोणी उपाशी गेला नाही. तिची सगळी कमाई म्हणजे हे नाव, आणि ते माझ्या अंगावर होतं. त्यामुळे मला जरा जास्तच जपून राहावं लागे.

मग मे महिन्यात कल्पिताचं लग्न झालं. मुलगा पालीजवळच्या गावचा, परेश नावाचा. रोह्याला कंपनीत कामाला, घरी भाताची शेती. लग्नात ताटात तांदूळ पसरले आणि त्यावर परेशनं अंगठीनं नवरीचं नवं नाव लिहिलं, ‘तेजस्वी’. सगळ्यांना पेढे वाटले. आधार कार्डावरही पुढे तेच नाव आलं. सासूबाई आवडाबाई तर त्या नावावर इतक्या खूश, की सुनेला उठता बसता हाक मारायच्या. “तेजस्वी, चहा घे. तेजस्वी, बस जरा.” माहेरचं नाव त्या घरात कोणी घेत नसे. जुनं नाव घेतलं की सुनेचं मन माहेरी ओढतं, असं आवडाबाईंना वाटे.

परेशनं बायकोला नवा फोन घेतला, नव्या नंबरासकट. जुना फोन, त्यातल्या जुन्या नंबरासह, कल्पितानं सासूबाईंना दिला. आवडाबाईंचा तो पहिला स्वतःचा फोन. त्या तो कमरेला पिशवीत बांधून फिरत.

दसरा आला. मी तयार होऊन बसलो. फूल आलं नाही.

कल्पिताला वाटलं, आता माहेरच्यांनी दुसऱ्या कोणाला सांगितलं असेल. ठमाबाईला वाटलं, पोरीनं केलं असेल. आणि नसेल केलं तरी विचारायचं कसं? दिल्या घरच्या लेकीला माहेरची कामं सांगायची नाहीत, ही आमच्याकडची रीत. दोघींच्या या भिडेत मी मात्र अधांतरी लटकलो.

नोंदणीच्या कंपनीनं ईमेल पाठवले. ते कॉलेजच्या जुन्या पेटीत जाऊन पडले. मेसेज पाठवले. ते आवडाबाईंच्या फोनवर आले, इंग्रजीत. त्यांनी परेशला दाखवले, तर तो म्हणाला, “आई, असल्या मेसेजला हात लावू नको. कोणी अनोळखी फोन केला तर काही सांगायचं नाही. लोक बँक साफ करतात.”

मग एके दिवशी कंपनीतून फोनच आला. अमिषा नावाची मुलगी बोलत होती. जिथं माझं नाव निघतं तिथलं मला ऐकू येतं, म्हणून मी कान टवकारून होतो. अमिषा म्हणाली, “ठमाबाईचंघर डॉट इन संपत आलंय. कल्पिता हिरामण ठाकूर आहेत का?”

मी मनात ओरडलो, आहे! तिथं मागच्या अंगणात आहे! हाक मारा!

आवडाबाई सावध झाल्या. सुनेचं माहेरचं नाव ह्या परक्या पोरीला ठाऊक कसं? हा तर पक्का चोर. त्यांनी करड्या आवाजात सांगितलं, “इथं कुणी कल्पिता न्हाय. परत फोन करू नका.”

फोन बंद झाला. माझी तर बोबडीच वळली.

त्यांचं काय चुकलं, सांगा? पोराचं ऐकलं, सुनेला जपलं. पण मुदत उलटली आणि माझं दार बंद झालं. ठमाबाईचं अंगण, माडाचे फोटो, पोपटी, सगळं दिसेनासं झालं. माझ्यावर कुठल्या तरी जाहिराती चिकटवल्या गेल्या. आणि अंधारातून मला हेरणारे दिसू लागले.

हे लोक टपून बसलेले असतात. कोणता पत्ता सुटतोय, त्याच्याकडे किती लोक येतात, हे मोजत असतात. आमच्याच किनाऱ्यावरच्या एका कॉटेजचा पत्ता असाच सुटला होता. ज्यानं तो पकडला त्यानं फोटो तेच ठेवले, मालकाचं नाव तेच ठेवलं, फक्त फोन नंबर बदलला. लोकांनी त्या नंबरावर आगाऊ पैसे भरले आणि नाताळात बॅगा घेऊन मूळ मालकाच्या फाटकात उभे राहिले. लहान पोरं, म्हातारी माणसं. मालक हात जोडून सांगत होता, मी नाही घेतले हो तुमचे पैसे. कोणी विश्वास ठेवला नाही. मागच्या वर्षी त्यानं फाटकाला कुलूप लावलं.

आता तोच हेरणारा माझ्याकडे बघत होता. माझ्या पाचावर धारण बसली. मला पाय नाहीत, पळू कुठं? मला तोंड नाही, ओरडू कसा? ज्याच्या हातात पडेन त्याचं मला ऐकावं लागतं. उद्या त्यानं माझ्या तोंडून ‘या, या, ठमाबाई वाट बघतेय’ असं म्हणवलं, तर मला तेच म्हणावं लागेल. आणि ज्या बाईनं कोणाला उपाशी धाडलं नाही, तिला लोक तिच्याच दारात चोर म्हणतील. ह्या विचारानं मी थरथर कापत होतो.

शेवटी ठाण्याच्या नेत्राताईंनी, दरवर्षी येणाऱ्या पाहुण्या त्या, ठमाबाईला फोन करून विचारलं, “ठमामावशी, घर बंद केलंत का? साईट उघडतच नाही.”

ठमाबाईनं हिरामणच्या फोनवर पाहिलं, तर तिथं जाहिराती. मग भीड सोडून तिनं तोंडपाठ असलेला तोच जुना नंबर लावला. आवडाबाईंनी उचलला आणि सुनेकडे दिला.

“कल्पिता,” ठमाबाई रडत म्हणाली, “माजा नाव गेला गो पोरी. दुसरंच कायतरी दिसतंय त्याच्यात.”

कल्पितानं आपल्या फोनवर पाहिलं. तिच्या लक्षात सगळं आलं. तिनं वळून सासूबाईंना विचारलं, “आई, ह्या नंबरवर माझ्यासाठी कुणाचा फोन आला होता का?”

“आलता की. कल्पिता हाय का इचारत व्हती. मी न्हाय म्हनून सांगितला.” आवडाबाईंचा चेहरा पडला. “का गं? काय झाला?”

कल्पिता भिंतीला टेकून उभी राहिली.

मग धावपळ झाली. तिनं कंपनीला फोन लावला. थोडे दिवस अजून हातात होते, पण अडचण अशी, की मालक कल्पिता ठाकूर आणि आधार कार्ड तेजस्वीचं. अमिषा म्हणाली, “ताई, उद्या कोणीही उठून म्हणेल की हे माझं आहे. लग्नाचा दाखला पाठवा. मग आम्ही नोंदीतल्या नंबरावर फोन करू. तिथं कल्पिता भेटल्या, तर वाचलं. मागच्या वेळी तिथून नाही म्हणाले होते, म्हणून आमच्याकडे शेरा लागलाय.”

परेशनं ग्रामपंचायतीतून दाखला आणून पाठवला. कल्पिता तो जुना फोन घेऊन वाट बघत बसली. पण भात कापून झालं होतं आणि खळ्यावर झोडणी चालू होती. माणसं कमी होती. आवडाबाई म्हणाल्या, “तू जा खळ्यावर. माजे गुडघे दुखतात. फोन चार्जिंगला लावलाय, मी त्याच्याजवळ बसते.” कल्पिता सासूकडे पाहत राहिली. मग ‘नाही’ न म्हणता गेली.

मित्रांनो, माझी काय अवस्था झाली असेल! माझा आणि ठमाबाईचा जीव त्याच बाईच्या हातात, जिनं एकदा ‘न्हाय’ म्हटलं होतं.

फोन वाजला. आवडाबाईंनी तो उचलला. त्याही घाबरल्या होत्या, माझ्याइतक्याच.

“ठमाबाईचंघर डॉट इनसाठी बोलतेय. कल्पिता हिरामण ठाकूर आहेत का?”

मला वाटलं, संपलं. त्या नावाला आवडाबाईंची जीभ वळतच नव्हती.

मग त्या म्हणाल्या, “हाय. कल्पिता हाय. माजी सूनच हाय ती. ठेवू नका हां बाय, मी बोलावते.”

आणि दुखऱ्या गुडघ्यांनी ती बाई फोन छातीशी धरून अनवाणी धावत सुटली. बांधावरून, कापलेल्या भाताच्या खुंटांतून, साऱ्या गावाला ऐकू जाईल अशी हाक मारत, “कल्पिताऽऽ! अगं कल्पिताऽऽ! फोन आलाय तुजा!” खळ्यावरची माणसं झोडणी थांबवून बघत राहिली. त्या गावात ते नाव पहिल्यांदाच कोणी चारचौघांत घेतलं होतं. कल्पिताच्या हातातली पेंढी खाली पडली.

मी वाचलो. नाताळात पाहुणे आले, पोपटी लागली. ठमाबाईनं विहिणीला मुद्दाम बोलावलं आणि पहिलं मडकं तिच्यासमोर उघडलं.

माझी भीती गेली का? छे हो. हेरणारे अजून तिथंच आहेत. पण आता माझ्या नोंदीत तीन नंबर आहेत, आणि पुढच्या दसऱ्याला आवडाबाईंनी स्वतः फोनवर झेंडू ठेवून विचारलं, “कल्पिता, त्याचा केलास का?”

म्हणून माझं एवढंच मागणं आहे, मित्रांनो. तुमच्याही घरात माझ्यासारखा एखादा पत्ता असेल. तो कोणाच्या नावावर आहे आणि त्याची मुदत कधी संपते, हे सगळ्यांना माहीत असू द्या. ओटीपी मात्र कुणालाही देऊ नका, तेवढं मीही सांगतो. पण कोणी तुमच्या आईचं, काकूचं, वहिनीचं माहेरचं नाव घेऊन विचारलं, तर लगेच ‘नाही’ म्हणू नका. ती मागच्या अंगणातच कुठंतरी असेल. तिला त्या नावानं एकदा हाक मारून बघा.