छकुलीची राखण

म्हातारी दारात बसायची म्हणजे बसायचीच. बालवाडीच्या चौकटीला पाठ लावून, काठी मांडीवर आडवी घेऊन, आणि पाय असे लांब पसरून की आत जाणाऱ्यानं ओलांडले तरी पंचाईत, नाही ओलांडले तरी पंचाईत. अक्षता पहिल्या दिवशी आली तेव्हा चपला हातात घेऊन नुसती ताटकळत उभी राहिली. म्हातारीनं तिला डोक्यापासून नखापर्यंत न्याहाळलं, तोंडातली मिश्री बाजूला थुंकली आणि विचारलं, "कुनाची गं तू?"

"संस्थेकडून आलेय, आजी. जालन्याहून, नवीनच. इथं लेकरांबरोबर काम करायला."

"लेकरं काय काम करत्यात व्हय?" असं म्हणून तिनं पाय आखडले, तेही उपकार केल्यासारखे.

ही आसराबाई. अंतरवाली सराटीकडून शहागडला निघालं की कापसाच्या रानात धनगरांची एक वस्ती लागते, तिथली. देवळामागच्या पत्र्याच्या खोलीत संस्थेनं बालवाडी काढली होती आणि वस्तीतलीच सून, शिवकन्या, ती चालवत होती. संस्थेचं नाव राहू द्या, नावात काय ठेवलंय! अक्षता समाजकार्याच्या शेवटच्या वर्षाला होती. इथं उन्हाळा लागेपर्यंत राबायचं आणि संस्थेनं चांगला शेरा दिला तर पदवी पदरात पडायची. नाही दिला, तर पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून. बापाला काय सांगायचं, हा त्याच्याही पुढचा प्रश्न.

येण्याआधी जालन्यात तिचं प्रशिक्षण झालं होतं. त्यात एक बाई घसा खरवडून सांगत होत्या: मूल अंगाला हात लावू देत नसेल, घरचं माणूस मुलाला क्षणभर एकटं सोडत नसेल, घरचं काही विचारलं की मुलाला गप्प केलं जात असेल, तर सावध व्हा. काहीतरी शिजतंय असं समजा. अक्षतानं ते मनात पक्कं कोरून घेतलं. आणि एकदा असं काही कोरून घेतलं की माणसाला दुसरं काही दिसतच नाही, बघा.

तिला दिसली छकुली. आसराबाईची नात. पाचाला टेकलेली. तेल थापून घट्ट घातलेल्या दोन वेण्या, कानात डूल, हातभर हिरव्या बांगड्या आणि अंगात लालभडक फ्रॉक. पोरगी मोठी गोड, पण दांडगी अशी की ठोकळ्यांचा मनोरा बांधायला सांगावा तर आधी दुसऱ्याचा पाडणार. आईबाप मेंढरं घेऊन गोदाकाठानं गेलेले. घरात आजी आणि चुलता सुग्रीव. रोज सकाळी सुग्रीवच्या खांद्यावर बसून स्वारी यायची, आणि ती घरी जाईपर्यंत म्हातारी दारातून हलायची नाही. बाकीच्या लेकरांच्या आज्या अशा बसल्या होत्या का? एकही नाही.

एक दिवस अक्षता सगळ्यांना हात धुवायला आणि शू करायला बाहेर घेऊन निघाली. छकुलीचा हात धरला, तोच काठी आडवी आली.

"तिला मी नेते."

"अहो आजी, मी नेते ना. तुम्ही बसा निवांत."

"मी नेते म्हनलं ना!" म्हातारी उठली आणि नातीला ओढत पार बाभळीच्या आड घेऊन गेली.

अक्षतानं शिवकन्येला विचारलं, "ताई, हे काय? त्या कुणाला हातच लावू देत नाहीत तिला."

शिवकन्या खिचडी ढवळत होती. तिनं मानसुद्धा वर केली नाही. "असू द्या म्याडम. आत्याबाईचं तसंच हाये. तुम्ही गाणं घ्या जल्दी, लेकरं पांगून राह्यली."

आता तुम्हीच सांगा, साध्या प्रश्नाला कुणी असं उत्तर देतं का? अक्षताच्या मनात पाल चुकचुकली. म्हातारी लपवतेय आणि शिवकन्येला ठाऊक आहे. ठाऊक असून ती बोलत नाही.

मग ते बाहुल्यांचं झालं. अक्षतानं घर-घर खेळायला कापडी बाहुल्या आणल्या होत्या. बाकीच्या पोरांनी त्यांना न्हाऊमाखू घातलं, जेवू घातलं, रपाटेही घातले. छकुलीनं दोन बाहुल्या शेजारी शेजारी निजवल्या, तोंडावरून फडकं ओढलं आणि तिसरी मांडीवर घेतली.

"ह्या झोपल्या का गं?" अक्षतानं विचारलं.

"न्हाई. हे दोघं गेले. आता मीच हाये."

"कुठं गेले? कोण दोघं?"

"छकुले!" दारातून असा आवाज आला की खेळणारी सगळी पोरं जागच्या जागी थिजली. "गप ऱ्हा! काय बी बोलू नको तिच्यासंगं!"

त्या दिवशी अक्षताला जेवण गेलं नाही. कोण गेलं? कुठं गेलं? आणि मागं राहिली ती ही एकटीच? तिला सुग्रीवचा राग यायला लागला. बिचारा सुग्रीव! अंगानं आडवा, मिशा राखलेला, बोलणं कमी. छकुलीला खांद्यावरून उतरवताना तो तिचा फ्रॉक खाली नीट ओढायचा आणि इकडंतिकडं बघायचा. का बघायचा? कुणाला भ्यायचा? अक्षताच्या डोक्यात जे आलं ते तिला स्वतःशी उच्चारवतही नव्हतं, पण आलं होतं खरं. पोरीला घरात काहीतरी होतंय, आणि म्हातारी ते झाकायला दारात बसतेय.

शेवटी कहर केला तो पाण्यानं. रांजणाशी खेळताना छकुली नखशिखान्त भिजली. अक्षतानं कोरडा फ्रॉक काढला आणि ओल्या फ्रॉकला हात घातला. पोरगी किंचाळली, म्हातारी धावत आली आणि काठीचा रट्टा अक्षताच्या मनगटावर बसला. चांगला वळ उठला. शिवकन्या मध्ये पडली तीही म्हातारीच्याच बाजूनं. "म्याडम, तुम्हाला सांगितलं होतं ना!" म्हणाली.

बस्स. संध्याकाळी अक्षतानं सोमेश्वर सरांना फोन लावला. सर म्हणजे संस्थेचे जालन्यातले प्रमुख, ज्यांच्या हातात तो शेरा होता. तिनं सगळं सांगितलं. सुग्रीवचं नावही घेतलं.

"शाब्बास," सर म्हणाले. "उद्याच येतो. डॉक्टरबाईंना आणतो, मुलीला तपासून घेऊ. तोवर कुणाला काही बोलू नकोस."

दुसऱ्या दिवशी सकाळी सुग्रीव छकुलीला सोडून गेला. म्हातारी दारात बसली, पण डोळ्याला डोळा लागलेला नसावा रात्रभर, कारण बसल्या जागी तिला डुलकी लागली. मनगटावरचा वळ चोळत अक्षता तिच्याकडे बघत होती. आज कळेल तुला, असं तिच्या मनात होतं. खोटं कशाला बोला, होतं.

तेवढ्यात मागून पोरांचा कल्ला ऐकू आला. ती खोलीला वळसा घालून गेली तर लिंबाच्या झाडाखाली चार-पाच पोरं ओळीनं उभी राहून लांब धार मारायची शर्यत लावत होती. आणि ओळीच्या टोकाला फ्रॉक हनुवटीखाली दाबून, दोन वेण्या पाठीवर टाकून, छकुली उभी होती. बाकीच्या पोरांसारखीच. अगदी बाकीच्या पोरांसारखीच, अंगानंसुद्धा!

"म्याडम, म्याडम," एक पोट्टं मोठ्या कौतुकानं ओरडलं, "आमची छकुली सगळ्यात लांब मारती!"

अक्षताचा आ वासला तो मिटेचना. या पोरांना ठाऊक होतं. शिवकन्येला ठाऊक होतं. सगळ्या वस्तीला ठाऊक होतं, आणि पोरंसुद्धा 'मारती'च म्हणत होती, 'मारतो' म्हणत नव्हती.

"अगं बाई, हा तर मु—"

पुढचा शब्द बाहेर पडायच्या आत एक खरखरीत तळवा तिच्या तोंडावर आला. म्हातारी जागी झाली होती.

"न्हाई. तो शबूद न्हाई काढायचा तोंडातून." आसराबाईनं हात आणखी घट्ट दाबला. "पाह्यलंस ना? पाह्यलंस तर पाह्यलंस. मुकाट ऱ्हा."

तिनं पोरांना आत पिटाळलं. मग लिंबाच्या बुंध्याला टेकून दबक्या आवाजात बोलली.

"आधी दोन झाले. दोन्ही ल्योक. माझ्या ल्योकानं, हिच्या बापानं, मल्हारीनं पेढे वाटले, हलग्या लावल्या, अख्ख्या गावाला वरडून सांगितलं. दोघं बी वरीस भरायच्या आत गेले. दवाखाना केला, खर्चा केला, समदं केलं. मंग ही झाली. मी म्हनलं, आता कुनाला काय सांगायचं न्हाई. पोरगी झाली म्हनायचं. दारात हलगी न्हाई, पेढा न्हाई. कुनी पाह्याला बी आलं न्हाई."

"पण आजी, असं का?"

म्हातारीनं तिच्याकडं असं पाहिलं, जसं एखाद्या खुळ्या माणसाकडं पाहावं. "पोरीकडं कोन बघतंय? पोरगी म्हनलं की मानूस बघत न्हाई, नजर लागत न्हाई. मरन बी बघत न्हाई. तू बी पोरगीच हायेस, तुला दुसऱ्यानं सांगावं लागतं व्हय?"

अक्षताला ते मनगटावरच्या वळापेक्षा जास्त लागलं.

"चैतात पाच पुरे होत्यात," आसराबाई म्हणाली. "देवाला केस वाहिले, फ्रॉक सोडला, की मंग खुशाल बोला. तवर कुनाच्या तोंडून निघालं तर नवस मोडतो. समद्यांनी सांभाळलं गं पोरी. एवढे थोडेच दिवस राह्यले."

आणि रस्त्यावर गाडीचा हॉर्न वाजला.

सोमेश्वर सर उतरले, मागून पेटी घेऊन डॉक्टरबाई उतरल्या. गाडी बघून बायका धुणी टाकून जमल्या, सुग्रीवही रानातून धावत आला. सरांना बाजूला घेऊन कानात सांगावं? छे! सरांच्या तोंडात तीळ भिजायचा नाही. दोन दिवसांत 'वस्तीवरची अंधश्रद्धा' म्हणून फोटोसकट सगळ्यांच्या मोबाइलवर फिरलं असतं.

"कुठं आहे ती मुलगी?" सरांचा आवाज खणखणीत. "आणि तो चुलता कुठंय? सुग्रीव कोण तुमच्यात?"

"मी," सुग्रीव पुढं झाला. "का बरं, सायेब?"

आसराबाईला एका क्षणात सगळं कळलं. तिनं मान वळवून अक्षताकडं पाहिलं. शिवी दिली असती तर परवडली असती. सुग्रीवला मात्र काहीच कळलं नव्हतं, तो भाबडेपणानं रुमालाला हात पुसत उभा होता, आणि त्याच्याकडं बघून अक्षताला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"डॉक्टरबाई, तुम्ही मुलीला आत घ्या," सर म्हणाले.

"नको!" अक्षता दारात आडवी झाली. म्हातारी रोज बसायची त्याच जागी. "सर, तपासायचं काही नाही. मी खोटं सांगितलं."

"काय?"

"वाढवून सांगितलं, सर. अहवाल भारी व्हावा म्हणून. म्हातारीनं रागानं काठी मारली, तो राग काढला मी. सुग्रीवमामांचं नाव उगाच घेतलं. त्यांनी काही केलेलं नाही. मुलगी चांगली आहे." मग सगळ्या वस्तीला ऐकू जाईल असं ती पुन्हा म्हणाली, "मुलगी धडधाकट आहे, सर. पोरगी अगदी छान आहे."

शिवकन्येनं पदर तोंडाला लावला.

सर लालबुंद झाले. एका माणसाची अब्रू घ्यायला निघालीस, म्हणाले. डॉक्टरबाईंचा दिवस वाया घालवलास, म्हणाले. शेवटी म्हणाले, "पिशवी घे आणि गाडीत बस. तुझं काम आजपासून बंद. कॉलेजला मी काय कळवायचं ते कळवतो." गेलं वर्ष! अक्षतानं आत जाऊन पिशवी घेतली.

निघताना काठी टेकत आसराबाई मागून आली. अक्षताला वाटलं, आता म्हातारी पाठीवरून हात फिरवणार. वाटणारच हो, एवढं सगळं ओढवून घेतल्यावर कुणालाही वाटेल. तिचे डोळे आधीच भरून आले.

"पाय काढ," आसराबाई म्हणाली.

"काय, आजी?"

"पाय काढ म्हनलं ना."

अक्षतानं पाय उचलला. म्हातारी कण्हत वाकली, चपलेखालची चिमूटभर माती उचलली आणि पदराच्या टोकात ठेवली. ज्याची नजर लागली असा संशय असतो, त्याच्याच पायाखालची माती मीठ-मिरच्यांबरोबर लेकरावरून उतरवतात, हे जालन्याच्या पोरीला कुणी समजावून सांगायला नको होतं. तिला भयंकर लागलं. गाडीतून सर हाका मारत होते. तिकडं सुग्रीवच्या खांद्यावर बसून छकुली वेण्या उडवत "टाटा म्याडम!" ओरडत होती.

अक्षतानं दोन्ही चपला काढल्या. अनवाणी पाय मातीत दाबले आणि मागं सरली.

"आजी, दुसऱ्याही पायाची घ्या."

म्हातारीनं मान वर केली नाही. पण दुसऱ्या पायाखालची माती घेतली, आणि पदराला गाठ मारली.