खरे वदवणारा तुंबा

मित्रांनो, मला पाहून पुष्कळ जणांना वाटते की ही नारळाची जुनी करवंटी असावी. मी करवंटी नाही. मी वेलीवर पिकलेला, वाळवलेला, आतून खरवडून पोकळ केलेला भोपळा आहे. साध्या भाषेत सांगायचे तर एक जुना तुंबा. माझ्यात येर्बाचा कडू पाला भरतात, वरून गरम पाणी ओततात आणि चांदीच्या नळीने तो काढा पितात. एक जण प्यायला की मी ओतणाऱ्याकडे परत येतो, पुन्हा पाणी भरले जाते आणि मी दुसऱ्याच्या हातात जातो. सगळ्यांना तुंबा एकच, नळीही एकच. त्यात कुणी नाक मुरडत नाही.

माझा जन्म उत्तरेकडे, रिवेरा गावाजवळच्या तांबड्या मातीत झाला. वेलीवरून उतरवल्यावर आम्हा भावंडांना छपराच्या वाशाला टांगून ठेवले होते. वारा आला की आम्ही एकमेकांवर आपटायचो आणि आमच्या आतल्या बिया खुळखुळायच्या. पुढे एका माणसाने आम्हाला पोत्यात भरून मोन्तेविदेओ शहरात आणले आणि रविवारच्या बाजारात रस्त्यावर मांडले. तिथे एका बाईने मला उचलले, बोटाच्या पेराने टकटक केले आणि कानाशी धरले.

"हा बोलका दिसतोय," ती म्हणाली. "हाच द्या."

त्या दोन्या ओतिलिया. दोन्या म्हणजे आमच्याकडे मानाचे 'बाई'. त्यांनी दोन रात्री माझ्यात ओला पाला भरून ठेवला, मग चमच्याने मला आतून खरवडले, आणि पुन्हा तेच केले. तेव्हा मला फार दुखले. पण तसे केल्याशिवाय तुंबा पक्का होत नाही.

दोन्या ओतिलिया दक्षिण वस्तीत राहत. नदी तिथून इतकी रुंद दिसते की मुले तिला समुद्रच म्हणतात. त्या वस्तीत प्रत्येक घरात काही ना काही गुण असतो. कोपऱ्यावरच्या शिंप्याची टेप माणसाची उंची सांगते, आणि त्याचा राग किती दिवस टिकेल तेही. वादळ येणार असेल तर भट्टीतला पहिला पाव उलट्या बाजूने फुगतो. रस्त्यावरचे दिवे रुसतात, त्यांची समजूत काढावी लागते. आमच्या घरात तो गुण माझ्यात उतरला. माझ्यातला घोट ज्याच्या पोटात गेला, त्याला पाला गरम असेपर्यंत खोटे उत्तर देता येत नाही. मात्र विचारावे लागते. न विचारता मी कुणाच्या मनातले बाहेर काढत नाही.

ती माझी उमेदीची वर्षे होती. भांडणारे शेजारी दोन्या ओतिलियांच्या दाराशी येत. रस्त्यावर खुर्च्या मांडल्या जात आणि मी फिरू लागे. एकदा दोन शेजारणी आल्या. त्यांच्या मधल्या भिंतीवरची द्राक्षाची वेल कुणी तरी मुळाशी कापली होती. पहिलीने घोट घेतला आणि दोन्या ओतिलियांनी विचारले, कुणी कापली?

"मीच कापली," पहिली म्हणाली आणि स्वतःच दचकली. "द्राक्षं सगळी तिच्याच बाजूला लागायची."

"तरी मी रोज पहाटे तुझ्याच बाजूची तोडत होते," दुसरी आपला घोट घेऊन म्हणाली.

मग दोघी इतक्या हसल्या की पाणी ओतायचे राहून गेले.

दोन्या ओतिलियांचा एक दंडक होता. त्या म्हणत, "विचारणाऱ्याने आधी स्वतःला विचारावं, उत्तर झेपेल का मला?" दुसरा दंडक साऱ्या शहराचाच होता. कडू पाल्याच्या तुंब्यात साखर घालायची नाही. साखर एकदा भिंतीत मुरली की तुंबा बाटला असे समजतात.

त्यांना दोन मुले. मुलगा एवारिस्तो बंदरात क्रेन चालवायचा. मुलगी देल्मीरा कार्निव्हलचे पोशाख शिवायची. संध्याकाळी तिघे दारात बसत, आणि मी आईकडून मुलाकडे, मुलाकडून आईकडे, आईकडून मुलीकडे असा जात असे. सुख म्हणतात ते हेच असावे.

मग दोन्या ओतिलिया आजारी पडल्या. एका संध्याकाळी, एवारिस्तो बंदरावर असताना, देल्मीराने पलंगाशी बसून माझ्यात पाला भरला आणि वर चमचाभर साखर घातली. आई डोळे मिटून सावकाश प्यायली. दुसऱ्या दिवशी पहाटे त्या गेल्या.

लोक येऊन गेल्यावर एवारिस्तोने मला हातात घेतले. तळाशी साखरेचा चिकट थर होता.

"हे तू केलंस?" त्याने विचारले.

देल्मीरा काहीच बोलली नाही.

"आईचा तुंबा बाटवलास," तो म्हणाला. "आता याच्यात काही उरलं नाही."

त्याने मला रिकामे न करताच कपाटावर ठेवून दिले आणि आपली खोली माडीवर हलवली. त्याने स्वतःसाठी एक स्टीलचा पेला घेतला. भाऊ-बहीण एकाच घरात राहू लागले, पण बोलणे फक्त गॅस आणि पाण्यापुरते उरले. तो वर गच्चीवर एकटा पिई. ती खाली मशीन चालवी.

मित्रांनो, माझ्यात ओला पाला तसाच राहिला होता. मला बुरशी लागली. आधी पांढरी, मग हिरवी. माझा वास मलाच सहन होईना. अशी चार वर्षे गेली. एका दुपारी देल्मीरा कापडाचा तागा शोधत स्टुलावर चढली आणि तिचा हात मला लागला. तिने मला खाली आणले, खरवडले, राखेने घासले, आठ दिवस उन्हात ठेवले. ती रडत नव्हती. नुसती घासत होती.

त्यानंतर तिने मला पुन्हा वापरायला काढले, पण कुणाला काही विचारण्यासाठी नाही. भावाच्या बोलण्यावर तिचा अर्धा विश्वास बसला होता. आणि माझ्यातला गुण शाबूत असला, तर तिला एकच प्रश्न विचारायचा होता. भावाने तोंड का फिरवले, हा तो प्रश्न. "तू आईचा तुंबा बाटवलास म्हणून" असे उत्तर आले असते, तर तिला ते झेपले नसते.

त्याच सुमारास विल्मेर येऊ लागला. तो मूळचा व्हेनेझुएलातल्या माराकाइबोचा. आमच्या शहरात येऊन त्याने रस्त्यांवरच्या दिव्यांचे काम धरले होते. आमच्या रस्त्यावरचे दिवे फार मानी, म्हणून तो दर शनिवारी दुपारी शिडी लावून त्यांची समजूत काढायचा. आवाज हळू, बोलणे मोजके. पहिल्याच शनिवारी देल्मीराने मला भरून त्याच्यापुढे धरले. त्याने उभ्याउभ्या घोट घेतला, मला परत केले आणि मान झुकवून म्हणाला, "आभारी आहे."

देल्मीराने थर्मासचे झाकण लावून टाकले. पुढच्या शनिवारी तेच झाले, आणि त्याच्या पुढच्याही.

तरी तो येत राहिला. सहा महिन्यांनी देल्मीरा त्याच्यासाठी खुर्ची बाहेर काढू लागली. पुढे तो कधी मक्याची गरम भाकर कागदात गुंडाळून आणायचा. दोघांमधले अंतर माझ्याइतके कुणाला ठाऊक असणार? सुरुवातीला मला पोचवायला तिला हात पुरता लांबवावा लागे. दुसऱ्या वर्षी कोपर थोडे उघडले तरी पुरत असे. पण एका घोटानंतर "आभारी आहे" आले की झाकण लागायचे, आणि तो शिडी खांद्यावर घेऊन निघून जायचा. तिने पाला बदलून पाहिला, पाणी कमी तापवून पाहिले. उपयोग झाला नाही.

दोन वर्षे झाली तेव्हाची गोष्ट. शनिवार होता. विल्मेर प्यायला, "आभारी आहे" म्हणाला. देल्मीराने झाकणाकडे हात नेला. तेवढ्यात एवारिस्तो स्टीलचा पेला घेऊन दारालगतचा जिना उतरत आला. तो शेवटच्या पायरीवर थांबला.

"अहो दिवेवाले," तो म्हणाला, "इतकं वाईट असतं का हो हिच्या हातचं?"

"वाईट?" विल्मेर गोंधळला. "आठवडाभर वाट बघतो मी या घोटाची."

"मग एकावरच पुरे का म्हणता?"

"मी कधी म्हटलं पुरे?"

"आत्ता म्हणालात की. आमच्याकडे तुंबा परत देताना आभार मानले, म्हणजे पुरे झालं, आता नको. प्यायचं असेल तर गप्प बसायचं. दोन वर्षं दर शनिवारी पहिल्या घासाला पानावरून उठताय तुम्ही."

विल्मेरने कपाळाला हात लावला. "आमच्याकडे दिल्यावर आभार मानले नाहीत, तर आई कान उपटते."

"मला वाटलं तुम्हाला आवडतच नाही," देल्मीरा हळूच म्हणाली. "आणि तुम्हाला काय वाटायचं?"

विल्मेरने काही तरी गोड बोलण्यासाठी तोंड उघडले, पण बाहेर आले ते वेगळेच. "मला वाटायचं, बाई मनाने चांगली आहे, पण जरा कंजूष आहे, एकाच घोटावर झाकण लावते."

बोलून तो स्वतःच चमकला. "माफ करा. हे मला म्हणायचं नव्हतं."

देल्मीराला राग आला नाही. ती माझ्याकडे पाहत राहिली. मग तिने मान वर करून भावाकडे पाहिले. एवारिस्तोचा चेहरा उतरला होता. दोघांनाही कळले होते. साखरेने माझे काही बिघडले नव्हते.

देल्मीराने मला पुन्हा भरले आणि विल्मेरला ओलांडून जिन्याकडे धरले. गरम पाण्याचे दोन थेंब तिच्या बोटांवर सांडले, तरी तिने हात मागे घेतला नाही.

एवारिस्तो एक पाऊल पायरीवर ठेवून उभा होता. त्याला वर जाता आले असते. कुणी अडवले नव्हते. त्याने स्टीलचा पेला कठड्यावर ठेवला, मला घेतले आणि नळीतून शेवटचा आवाज येईपर्यंत तो प्यायला.

"खाली का येत नाहीस तू?" देल्मीराने विचारले.

"आईने साखर आधी माझ्याकडे मागितली होती," एवारिस्तो म्हणाला. "त्याच दिवशी सकाळी. मी म्हटलं, आई, काहीतरीच काय, तुंबा बाटेल. ती बरं म्हणाली आणि तोंड भिंतीकडे केलं. संध्याकाळी तू दिलीस. तुला पाहिलं की मला ती सकाळ आठवते."

विल्मेर आपल्या बुटांकडे पाहत होता.

एवारिस्तोने मला बहिणीकडे परत दिले. "आता तू पी," तो म्हणाला. "त्या दिवशी मी विचारलं तेव्हा तू गप्प का राहिलीस?"

देल्मीराने स्वतःसाठी पाणी ओतले. ती प्यायली.

"आईने शपथ घातली होती. म्हणाली, सकाळी मी एवारिस्तोकडे मागितली होती, तो नाही म्हणाला. तू दिलीस हे त्याला सांगू नकोस, पोराच्या जिवाला लागेल."

एवारिस्तो जिन्याच्या पायरीवरच बसला. त्याने तळहाताने तोंड झाकून घेतले. देल्मीरा आत गेली आणि तिसरी खुर्ची घेऊन आली. तिने ती आपल्या आणि विल्मेरच्या मध्ये न ठेवता आपल्या दुसऱ्या बाजूला ठेवली.

"ऊठ," ती भावाला म्हणाली. "पायरी गार आहे."

त्या गोष्टीला आता पाच वर्षे झाली. विल्मेर आणि देल्मीरा यांच्या लग्नाचे मला विचारू नका. ते दोघे अजून 'अहो-जाहो'वरच आहेत. पण विल्मेर हल्ली बुधवारीही येतो, आणि बुधवारी एकही दिवा रुसत नाही, हे साऱ्या रस्त्याला ठाऊक आहे.

मित्रांनो, माझ्या काठाला आता चीर गेली आहे. एवारिस्तोने तिथे चामड्याची पट्टी शिवली आहे. टाके वाकडे आहेत, कारण बहिणीची मदत घ्यायला तो तयार नव्हता. रोज वापर झाला की तो मला रिकामे करतो, पुसतो आणि खिडकीत तोंड वर करून ठेवतो. त्याने मला चार वर्षे ओला पाला पोटात घेऊन ठेवले होते ते तिटकाऱ्याने नव्हे. त्या पाल्यातून आईने शेवटचा घोट घेतला होता, आणि तो फेकायला त्याचा हात धजला नव्हता. हे मला तेव्हा कळले नाही. मीही त्याला वाईट समजत होतो.

म्हणून तुम्हाला एवढेच सांगतो. एखादी वस्तू कितीही लाडकी असली तरी ती न धुता, न पुसता उंचावर ठेवून देऊ नका. ती रोज वापरा आणि रोज कोरडी करा. आणि घरात कुणी गप्प झाले, तर त्याचे कारण मनातल्या मनात ठरवून टाकू नका. माझ्यासारखा तुंबा तुमच्याकडे नसेल, पण त्यावाचून काही अडत नाही. त्या माणसाच्या हातात काही तरी गरम द्या, त्याच्याजवळ बसा आणि विचारा. उत्तर येईपर्यंत उठू नका.