दोनशे चौदा ओळी

गजेंद्र पलसाण्याच्या कापड रंगवणाऱ्या डाइंग मिलमध्ये कामाला. घरी आला की हातावरचे निळे डाग तसेच, आणि लॅपटॉप उघडा. जगात कुणीही फुकट वापरावी अशी एक गणिताची लायब्ररी होती, मोठाल्या आकड्यांचे अवयव पाडणारा कोड त्याला तिच्यात घालायचा होता. धाकटी हर्षदा दहावीतच शाळेला रामराम ठोकून बसलेली, पण दादाच्या स्क्रीनवरचं काही तिच्या नजरेतून सुटायचं नाही.

"बघ हर्षू, उधना दरवाज्याच्या सर्कलला एक जण पायी फिरतोय, एक रिक्षातून. दोघांतलं अंतर तपासत राहायचं. त्यातच अवयव सापडतो."

"आणि नाही सापडला तर?"

"तर दोघं फिरत बसतील, तुझ्यासारखे!"

मार्चमध्ये हायवेवर ट्रकनं त्याची बाईक उडवली. कोड तसाच पडून राहिला. लायब्ररीत येणारा कोड तपासणाऱ्या बाईंनी त्याखाली लिहिलं होतं, 'पंचवीसवर अडकतो, दुरुस्त करा.'

दुरुस्त करणारा गेला होता. हर्षदानं आईला, पुष्पाबाईंना, शब्द दिला की दादाचं नाव त्या लायब्ररीत लावूनच दाखवीन. मग महिनाभर वहीत आकडे फिरवले. चिडून दोन वह्या फाडल्या. शेवटी सापडलं: अडकलं की दर पावलाला आकड्यात एकाऐवजी दोन मिळवून दोघांना परत फिरवायचं. बस, एकच ओळ बदलली आणि पंचवीस फुटला.

बाईंचं उत्तर आलं, 'छान. आता कोडमधल्या बदलांचे हे सगळे बारा तुकडे एकत्र करून पाठवा.' दादाचे अकरा, हिचा एक. हिला धीर कुठला! नेटवर बघून पटापट आदेश मारले, एक गठ्ठा केला आणि पाठवला. दुसऱ्या दिवशी दुपारी कोड लायब्ररीत गेला.

दादाचा मित्र शुभम पेढे घेऊन आला. स्क्रीन पाहिली आणि पुडा हातातच राहिला.

"पागल छे के तू? जो गठ्ठा बांधतो त्याचंच नाव लागतं! गजूचं नाव वेगळं घालावं लागतं."

"खोटारड्या!" तिनं लॅपटॉप हिसकला. दोनशे चौदा ओळी. प्रत्येकीपुढे हर्षदा, हर्षदा, हर्षदा. गजेंद्र कुठंच नाही.

तिनं बाईंना लिहिलं, काढा, परत घालते. उत्तर आलं, 'फार वाईट वाटलं. पण आत गेलेलं बदलता येत नाही, हजारो लोकांनी प्रती घेतल्यात. आभाराच्या यादीत त्यांचं नाव घालू.'

"आभार?" हर्षदा स्क्रीनवरच खेकसली. "तुम्हाला पाणी पाजलं का त्यानं?"

शुभमनं पेढ्यांचा पुडा बाजूला ठेवला.

आवाज ऐकून पुष्पाबाई पदराला हात पुसत आल्या. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. पोराचं नाव आलं का, एवढंच विचारायचं होतं.

"काय व्हयनं वं? दादानं नाव उनं का?"

शुभमनं तोंड फिरवलं. हर्षदानं स्वतःच्या नावावर बोट ठेवलं.

"हाई शे, माय."

पुष्पाबाईंनी त्या अक्षरांवरून हात फिरवला, गालावरून फिरवावा तसा. बराच वेळ. मग म्हणाल्या, "आनि तुनं? तू बी ते इतली मरमर करी."

"मन्हं नही शे," हर्षदा म्हणाली. "मी एकच ओळ बदली."