पाठीतलं पाणी
"फ्रिजमध्ये कुणी ठेवलं हे?" प्रयोगशाळेतली बाई नळी उजेडात धरून ओरडली.

"मीच," वॉर्डातली मावशी म्हणाली. "तुम्ही जेवायला गेला होता. म्हटलं, खराब व्हायला नको."

"अहो मावशी, हे रक्त-लघवी नाही! पाठीतलं पाणी आहे. यातले जंतू गारठ्यानं मरतात. आता मी तपासू काय, कपाळ?" मग तिने आवाज खाली आणला. "नळी फुटली म्हणून सांगा. मी नाही बोलायची कुठे."

सव्वीस वर्षं मावशी नमुने पोचवत होती, आणि घात झाला तो काळजी घेण्याच्या नादात. ती जिना चढून वर वॉर्डात निघाली. खोटं बोलायचा मोह झाला, चांगलाच झाला. पण डॉक्टरांसमोर खरं तेच तोंडातून गेलं.

डॉक्टरांनी डोकं धरलं. "मेंदूज्वर आहे एवढं नक्की. कुठल्या जंतूचा, ते त्या पाण्यानं सांगितलं असतं. आता औषध सुरू झालंय, दुसऱ्या पाण्यात तो सापडेलच असं नाही. तरी काढू."

सात वर्षांची पोर तापाने फणफणली होती, मान लाकडासारखी ताठ.

"परत सुई?" तिची आई कळवळली. "मग सकाळचं पाणी कुठे गेलं?"

"माझ्या चुकीनं वाया गेलं, ताई."

"एकच आहे हो मला," आई म्हणाली आणि मटकन खाली बसली. मावशीला वाटलं, हिने दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं झालं असतं.

पोरीचे गुडघे पोटाशी घेऊन मावशीनेच तिला कवळून धरलं. पोर गुरासारखी ओरडली. पाणी निघालं तशी नळी मुठीत घेऊन मावशी त्या वयात जिन्यावरून धावली.

जंतू सापडला नाही. डॉक्टर अंदाजाने औषधं बदलत राहिले. सहाव्या दिवशी ताप उतरला, मान वळू लागली, पोर वाचली. कान मात्र दोन्ही गेले.

"पहिलं पाणी असतं तर?" मावशीने विचारलं.

"सांगता येत नाही, मावशी. तरीही गेले असते कदाचित."

त्या 'कदाचित'ने मावशीची झोप उडाली ती उडालीच.

घरी जायच्या दिवशी पोर आईचं बोट सोडून पायऱ्यांकडे निघाली. सगळं ठाऊक असून मावशीच्या तोंडून हाक गेली, "सावकाश गं, चिमणे!"

आई थबकली, वळली. पोर चालत राहिली.